गुडघ्याचे दुखणे : जुने उपाय आणि नवी पारख

बीड तालुक्यातील नारायणगड आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. नगद नारायण महाराजांचे हे स्थान भाविक लोक ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखतात. आषाढीला येथून पालखी निघते आणि पंढरीची वाट पायी चालते. माझी एक आत्या या गडाच्या पंचक्रोशीतच नांदली. दर एकादशीला गडावर जाण्याचा तिचा नेम होता. साठी उलटली आणि तिचे गुडघे दुखू लागले. पुढे नेम मोडला. मी भेटायला गेलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, “बाबा, देवानं पाय काढून घेतले, आता जगून काय करायचं?”

गावात तिला दोनच सल्ले मिळत होते. कोणी म्हणे, “शहरात जा अन् ऑपरेशन करून घे.” कोणी म्हणे, “वय झालं, आता सोसायचं.” या दोन टोकांच्या मध्ये माणसाने आजवर काय काय करून पाहिले, आणि त्यातले पारखून काय उरले, याचा इतिहास आज थोडक्यात सांगणार आहे.

हे दुखणे नवे नाही. चरकसंहितेत सांध्यात शिरलेल्या वाताचे वर्णन आहे. सांधा सुजतो, आखडताना आणि पसरताना दुखतो, असे ते लक्षण. सुश्रुतांनी तर गुडघ्याच्या एका सुजेला ‘क्रोष्टुकशीर्ष’ असे नाव दिले. क्रोष्टुक म्हणजे कोल्हा. सुजलेला गुडघा कोल्ह्याच्या डोक्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. ज्याने हे नाव ठेवले त्याने रोगी जवळून पाहिला होता, यात शंका नाही. त्या काळचे उपाय म्हणजे तेल जिरवणे, शेकणे, लेप आणि पोटीस बांधणे.

आपल्या बायाबापड्यांनी हीच परंपरा चालवली. बांधावरच्या निरगुडीचा पाला गरम करून बांधायचा, एरंडाच्या पानाला तेल लावून शेकायचे, विटकरीचा तुकडा तापवून फडक्यात गुंडाळायचा. यात खुळेपणा नाही. उबेने आखडलेले स्नायू सैल होतात आणि वेदना काही वेळ कमी होते. मात्र शेकाने झिजलेली कूर्चा भरून येत नाही. कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण. ते विरळ होते, हाडांच्या कडा वाढतात, भोवतीचे स्नायू दुबळे पडतात. त्यालाच आपण झिजेचा संधिवात म्हणतो.

आता पश्चिमेकडे वळू. १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने विलो झाडाच्या सालीचा तापावरील गुण रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवला. त्या सालीतील द्रव्याच्या मागावरून जाता जाता १८९७ साली जर्मनीत फेलिक्स हॉफमन यांनी शुद्ध अ‍ॅस्पिरिन बनवले. वेदनाशामक गोळ्यांचे युग तेथून सुरू झाले. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन टोचले आणि जखडलेली बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच यांना दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु लवकरच दुसरी बाजू दिसली. हे औषध दीर्घकाळ घेतले की तोंड सुजते, हाडे ठिसूळ होतात, साखर आणि रक्तदाब वाढतो. शिवाय आमवात वेगळा आणि झिजेचा वात वेगळा. एकाचे औषध दुसऱ्याला सरसकट लागू पडत नाही.

ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण माझ्या आत्यानेही एका माणसाकडून आणलेल्या बिननावाच्या पुड्या घेतल्या होत्या. आठ दिवसांत ती अंगणात फिरू लागली. सगळे घर हरखले. तीन-चार महिन्यांनी तिचा चेहरा सुजला, साखर वाढली. त्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असावे, असे डॉक्टरांचे मत पडले. पुडीने आराम पडला हे खरे, पण त्या आरामाची किंमत पुडीवर लिहिलेली नव्हती.

मग भरवसा कशावर ठेवायचा? येथे गेल्या काही दशकांचा इतिहास उपयोगी पडतो. दुखरा सांधा हलवू नये, अशी सर्वसाधारण समजूत होती. १९९७ साली अमेरिकेत साठ वर्षांवरील ४३९ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बेताने चालणाऱ्यांचे आणि स्नायूंचा व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे, नुसती माहिती मिळालेल्यांपेक्षा कमी झाले. फरक चमत्कारासारखा नव्हता, पण खरा होता. २००५ सालच्या एका अभ्यासाने दाखवले, की शरीराचे वजन एक किलो घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. २००२ साली १८० रुग्णांवरील प्रयोगात असे दिसले, की दुर्बिणीने गुडघा धुऊन खरवडण्याच्या शस्त्रक्रियेचा गुण नुसती वरवर चीर देऊन टाके घातलेल्या रुग्णांपेक्षा अधिक नव्हता. पूर्ण सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ही निराळी. सांधा फारच झिजला आणि इतर उपाय थकले, तर ती अनेकांना उपकारक ठरते.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम झाले आहे. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन ४०९२ प्रौढांची पाहणी केली. ७४६ जणांना सांध्यांचे वा स्नायूंचे दुखणे आढळले. म्हणजे दर पाच-सहा माणसांमागे एक! याच डॉ. चोप्रांच्या पुढाकाराने गुडघ्याच्या ४४० रुग्णांवर आयुर्वेदिक औषधांचा रीतसर प्रयोग झाला. २०१३ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. सुंठ, गुळवेल, आवळा, सालई गुग्गुळ यांसारख्या द्रव्यांच्या कल्पांचा गुण प्रचलित औषधांच्या बरोबरीचा दिसला. मात्र काही रुग्णांच्या रक्ततपासणीत यकृतावर ताण आढळला. तेव्हा झाडपाल्याचे औषधही वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावे.

आता आपल्या घरचा प्रश्न. आपला जिल्हा ऊसतोड मजुरांचा. कोयता चालवणारी बाई दिवसभर वाकते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढते. घरी येऊन पुन्हा उकिडवी बसून भाकरी थापते. बीजिंगमधील वृद्धांच्या पाहणीवर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तरुणपणी रोज बराच वेळ उकिडवे बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज अधिक आढळली. म्हणून दुखत असेल त्याने चूल ओट्यावर घ्यावी, खुरपताना मधून मधून उठावे, शौचाला उंच बैठक करून घ्यावी. खुर्चीवर वा बाजेवर बसून एक पाय सरळ करावा, पाच आकडे मोजेपर्यंत ताठ धरावा, सावकाश खाली आणावा. असे दहा वेळा, मग दुसरा पाय. शाळेत गुरुजींनी पोरांना हे शिकवले, तर घरोघरच्या आजीपर्यंत ते संध्याकाळपर्यंत पोचेल.

वेदनाशामक मलम चोळणे बरे; गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच, कारण त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधतात. गुडघा एकाएकी सुजून लाल झाला, ताप आला, तर शेकत बसू नये, तत्काळ दवाखाना गाठावा.

आणि शेवटी काठी. १९५६ साली वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकन अस्थितज्ज्ञांनी लेख लिहून सांगितले, की काठी टाकू नका. त्यांचा रोख मुख्यतः खुब्याच्या रुग्णांकडे होता, पण गुडघ्यालाही ते लागू आहे. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावी.

आत्याला काठीची लाज वाटे. “लोकं म्हातारी म्हणतील,” म्हणायची. पुड्या बंद झाल्या, व्यायाम सुरू झाला, तरी ती काठी घेईना. मी म्हटले, “आत्या, गडावर जायचंय की नाही?” मग घेतली. दर एकादशी तिला अजून साधत नाही. दुखणेही पुरते गेलेले नाही. पण गेल्या कार्तिकीला चार ठिकाणी टेकत टेकत ती वर पोचली, आणि उतरताना काठी पुढे करून मलाच म्हणाली, “जपून उतर रे, बाबा.”