बारतोंडीचा लाल आणि बॅटरीचं घराणं

तळोद्याहून सातपुड्याकडे निघालं की पानझडी रानात, शेताच्या बांधावर बारतोंडी भेटते. खडबडीत सालीचं, वेडंवाकडं झाड. तिचं मूळ खरवडलं की पिवळट-केशरी साल लागते, आणि तुरटीत भिजवलेलं सुती कापड त्या सालीच्या पाण्यात उकळलं की पक्का लाल चढतो. हाच आलचा, म्हणजे बारतोंडीचा, रंग. एकोणिसाव्या शतकापर्यंत खानदेश-वऱ्हाड-माळव्यात आलची शेती होत असे. खारव्याचं जाडंभरडं कापड याच रंगात बुडायचं. 1868 साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मनांनी मंजिष्ठा या रंगवेलीच्या युरोपीय बहिणीतलं अलिझरीन हे लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनवलं. पुढे स्वस्त कृत्रिम लाल आला आणि आल पिकवणाऱ्यांचा धंदा बसला.

रंग गेला, पण त्याचा रेणू वेगळ्याच कामाला लागला. बारतोंडी आणि मंजिष्ठा एकाच कुळातल्या. दोघींचे लाल अँथ्राक्विनोन जातीचे. तीन कड्यांचा कार्बनचा सांगाडा, त्यावर दुहेरी बंधाने बसलेले दोन ऑक्सिजन, शेजारी हायड्रॉक्सिल. या शेजाराच्या बेचक्यात तुरटीतलं अॅल्युमिनियम अडकतं, म्हणून रंग धुतला तरी जात नाही. त्याच बेचक्यात लिथियमही बसतं. बॅटरी वापरताना ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो आणि लिथियमला धरतो. चार्ज करताना सोडतो.

अशा क्विनोन जातीच्या रेणूंपासून बॅटरीचा इलेक्ट्रोड करण्याचा प्रयत्न 1972 सालीच झाला होता. पण 1991 मध्ये सोनीने कोबाल्टवाली लिथियम-आयन बॅटरी विकायला काढली आणि सगळं जग तिकडे वळलं. त्या कोबाल्टसाठी काँगोतल्या खाणी उपसाव्या लागतात आणि इलेक्ट्रोडचा पदार्थ बनवायला 800 अंश सेल्सिअसच्या आसपासची भट्टी लागते. 2008 मध्ये फ्रान्समध्ये आर्मां, तारास्कों आणि सहकाऱ्यांनी वनस्पतींतून मिळणाऱ्या इनोसिटॉलपासून इलेक्ट्रोड करून दाखवला. 2012 मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात अरवा लीला मोहन रेड्डी आणि पुलिक्कल अजयन यांच्या गटाने मंजिष्ठेतलं पर्प्युरिन हे रंगद्रव्य घेतलं. ते लिथियमशी जोडायला भट्टी लागली नाही. अल्कोहोलमध्ये, खोलीच्या तापमानाला काम झालं. मला या सगळ्या कथेत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

अडचणी खऱ्या आहेत. असे छोटे रेणू बॅटरीच्या द्रवात विरघळतात, त्यामुळे क्षमता घटत जाते. वीजही नीट वाहत नाही, म्हणून कार्बनची पूड मिसळावी लागते. उपाय म्हणजे रेणू एकमेकांत गुंफून न विरघळणारं जाळं करणं. पुण्याच्या आयसरमध्ये सतीशचंद्र ओगले आणि रामनाथन वैद्यनाथन यांच्या गटांनी 2018च्या सुमारास अशाच सेंद्रिय जाळ्याच्या पातळ पापुद्र्यांत दर ग्रॅमला सुमारे 720 मिलिअँपिअर-तास साठवून दाखवले. नेहमीच्या बॅटऱ्यांतल्या ग्रॅफाइटची सैद्धांतिक मर्यादा 372 आहे.

मात्र ‘वनस्पतिजन्य’ म्हटलं की माल पर्यावरणस्नेही ठरतोच असं नाही. मूळ खणलं की झाड गेलं. बॅटऱ्यांसाठी सातपुड्यातली बारतोंडी उपटायची असेल तर ही विद्या नकोच. लाकडातल्या लिग्निनपासूनही क्विनोन बनवता येतात, आणि लिग्निन तळोद्याच्या शिवारात कापसाच्या पळकाट्यांत, उसाच्या चिपाडात पडलेलं आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी प्रकल्पासाठी हा विषय घ्यावा आणि सुरुवात पळकाट्यांपासून करावी.