बिल्ल्याची साक्ष

सभेत बोलण्याची सवय मला आहे, पण ती बोनस आणि महागाई भत्त्याविषयी. इतिहासाच्या व्यासपीठावर मी उपराच. शाळा सातवीला सुटली. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत आणि बाजारातल्या जुन्या पुस्तकांतून शिकलो. मात्र पलटणींचे पितळी बिल्ले जमविण्याचे वेड मला फार दिवसांपासून आहे.

बिल्ला हातात आला की माझी नजर आधी मुकुटावर जाते. व्हिक्टोरिया राणीच्या मुकुटाच्या कमानी दोन्ही खांद्यांशी उंच आणि मध्ये खचलेल्या असतात. 1901 नंतरच्या राजांचा मुकुट गोल, फुगीर. 26 जानेवारी 1950 ला आपले प्रजासत्ताक झाले आणि मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणून 1953 साली राज्याभिषेक झालेल्या एलिझाबेथ राणीचा मुकुट 'भारतीय पलटणीचा' म्हणून कोणी विकू लागला, तर खिशातला हात खिशातच ठेवावा.

मग आकडा. 1903 साली किचनेरने फौजेची नव्याने क्रमवारी लावली, तेव्हा मुंबईकडच्या पायदळाच्या क्रमांकात शंभर मिळविले गेले. 103, 110, 117 असे आकडे मराठा पलटणींवर दिसले तर काळ 1903 ते 1922. 1922 साली त्या एकत्र होऊन पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली, आणि 1945 साली तो पाचाचा आकडाही गेला. 'मराठा' शब्दाचे जुने इंग्रजी लिखाणही पाहावे : त्यात 'एच' हे अक्षर 'आर'च्या आधी येते.

बिल्ला उलटा करून पाहायला विसरू नये. ठशाने दाबलेल्या पत्र्यावर पुढची नक्षी मागे खोलगट उमटते. मागची बाजू सपाट आणि खरबरीत असेल, तर कोणीतरी वाळूच्या साच्यात ओतलेली नक्कल असण्याचा संभव फार.

आता ज्यासाठी एवढे सांगितले ते. आमच्या युनियनमधल्या एका कंत्राटी कामगाराने आजोबांचा बिल्ला आणला. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की आजोबा महार पलटणीतून पहिल्या महायुद्धात लढले. तशी पलटण होती हे खरे : 111 वी महार, 1917 ची. पण ती 1921 साली मोडली. पुढे वीस वर्षे महारांना स्वतःची पलटण नव्हती. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले त्याच साली, म्हणजे ऑक्टोबर 1941 मध्ये, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. 1 जानेवारी 1818 च्या लढाईचा. 1946 साली रेजिमेंट मशीनगनची झाली आणि स्तंभावर दोन व्हिकर्स मशीनगन तिरप्या आल्या. पुढे स्तंभ काढून त्या जागी खंजीर बसविला.

त्याच्या बिल्ल्यावर स्तंभही होता आणि मशीनगनही. म्हणजे तो 1946 च्या आधीचा नव्हे, आणि खंजिराच्या नंतरचाही नव्हे. पहिले महायुद्ध निकालात निघाले! मी सांगितले तेव्हा गड्याचा चेहरा उतरला. मला वाईट वाटले, पण मालकाचा खोटा ताळेबंद न मानणाऱ्याने घरचा तरी खोटा हिशेब का मानावा?

बिल्ला काळ सांगतो, माणूस सांगत नाही. तो कोणाकडूनही हाती येऊ शकतो. म्हणून मी त्याला ट्रंक शोधायला लावली. तळाशी आजोबांचे डिस्चार्ज बुक निघाले. बरीच पाने वाळवीने खाल्ली होती, पण भरतीचे साल वाचता आले : 1943. मग मी त्याला 1947 चा पंजाब सांगितला. महार मशीनगनच्या पलटणी तेथील सरहद्द दलात होत्या, निर्वासितांच्या तांड्यांना संरक्षण देत. त्याचे आजोबा त्या तांड्यांबरोबर होते की नाही, ते लष्कराच्या दप्तरातच कळेल. अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिला, आणि तो त्याने स्वतः टपालात टाकला.