एक कसोटी आणि रोजचे मैदान

आज लढाई नाही, किल्ला नाही. आज एका मैदानाचा इतिहास सांगतो.

लखनौ म्हटले की आम्हा फौजी माणसांना मध्य कमांडचे मुख्यालय आठवते, तुम्हाला कदाचित नवाब आणि कबाब. मी बोलतोय ते ठिकाण हजरतगंजजवळ आहे: के. डी. सिंग बाबू स्टेडियम. १९५७ साली उभे राहिले तेव्हा त्याचे नाव सेंट्रल स्पोर्ट्स स्टेडियम होते.

हे 'बाबू' कोण? बाराबंकीचे कुंवर दिग्विजय सिंग. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हॉकी संघाचे उपकर्णधार, १९५२ च्या हेलसिंकीत कर्णधार, दोन्ही वेळा सुवर्ण. त्याच हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. खाशाबा दादासाहेब म्हणजेही के. डी.! एकाचे नाव लखनौच्या स्टेडियमला, दुसऱ्याचे दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला.

त्याच १९५२ च्या ऑक्टोबरात लखनौत पहिली कसोटी झाली. हे स्टेडियम तेव्हा नव्हते. सामना विद्यापीठाच्या मैदानावर, तागाच्या मॅटिंगवर झाला. फझल महमूदने १२ बळी घेतले आणि पाकिस्तानने आपला पहिलावहिला कसोटी विजय एक डाव ४३ धावांनी मिळवला.

बाबू स्टेडियमच्या वाट्याला कसोटी आली ती जानेवारी १९९४ मध्ये, श्रीलंकेविरुद्ध. आपल्या सचिनने १४२ धावा केल्या, सिद्धूने १२४ करताना ८ षटकार मारले, कुंबळेने सामन्यात ११ बळी घेतले. भारत एक डाव ११९ धावांनी जिंकला. इथली ही पहिली कसोटी, आणि आजवरची एकमेव. पुढे शहराने २४ वर्षे आंतरराष्ट्रीय सामन्याची वाट पाहिली. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो आला, पण सुमारे ५०,००० प्रेक्षकांच्या नव्या इकाना स्टेडियमवर. तिथे रोहित शर्माने नाबाद १११ धावा केल्या.

मग जुने स्टेडियम संपले का? मला तसे वाटत नाही. इथे क्रिकेटच्या मैदानाबरोबर पोहण्याचा तलाव आहे, बॅडमिंटन आहे. सलग आठ वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला आणि १९८२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलेला सय्यद मोदी इथेच सराव करायचा. २८ जुलै १९८८ रोजी सराव आटोपून बाहेर पडताना याच स्टेडियमसमोर त्याला गोळ्या घातल्या गेल्या. या जागेच्या इतिहासात ते रक्तही आहे. ते वगळून नुसते षटकार मोजता येत नाहीत.

फौजेत संध्याकाळी गेम्स परेड असते. अधिकारी आणि जवान एकाच संघात धावतात, आणि कोण कच्चा, कोण पक्का, हे आठवड्याभरात कळते. पलटण घडते ती अशी रोजच्या मैदानावर. संचलनाच्या दिवशी ती फक्त दिसते. शहराचेही तसेच. मोठे स्टेडियम वर्षातून काही दिवस भरते. वस्तीतले मैदान रोज भरावे लागते.

म्हणून सांगतो, तुमच्या गावात नवे भव्य स्टेडियम झाले तर आनंद माना. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या मैदानावर जाऊन एवढे पाहा, की फाटक पोरांसाठी उघडे आहे ना. कुलूप दिसले, तर गप्प बसू नका.

जय हिंद.