पंक्तीतले मीठ आणि राज्याचा कर

देवळातील महाप्रसादाच्या पंक्तीत पानावर प्रथम मीठ वाढले जाते. यजमान असो वा अंगण झाडणारा असो, चिमूट सारखीच. धनिकाला धनाच्या मानाने अधिक मीठ लागत नाही. करविषयक न्यायाचा एक मोठा प्रश्न या साध्या गोष्टीत दडलेला आहे.

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर पुढील दुष्काळांची तरतूद म्हणून हिंदुस्थान सरकारने पैसा उभा करावयाचे ठरविले. त्याच सुमारास मुंबई इलाख्यातील मिठावरचा कर मणामागे १ रुपया १३ आण्यांवरून २ रुपये ८ आण्यांवर गेला. म्हणजे शेरामागे एक आणा. पाच माणसांच्या घराला वर्षाकाठी तीस शेर मीठ लागते असे धरले, तर कर तीस आणे होतो. रोज तीन आणे मिळविणाऱ्या मजुराची ती दहा दिवसांची मजुरी होय. सावकाराच्या घरी तेच तीस आणे कोणाच्या ध्यानातही येत नसत.

१८७८ साली व्यापारउदिमावर परवाना कर बसला. सुरतेच्या बाजाराने दुकाने मिटली आणि दंगल उसळली. व्यापाऱ्यांच्या तक्रारीत तथ्य होते. लहान दुकानदार करात सापडला. बड्या पेढीवाल्याच्या शुल्काला मात्र वरची मर्यादा होती. आणि मोठ्या पगाराचे सरकारी अधिकारी, जमीनदार व वकील हे तर पूर्णपणे सुटले! आम्ही स्वतः वकिलीचा व्यवसाय करतो, म्हणून हे संकोचाने नमूद करतो. ज्यांना कायदा वाचता येत होता व सरकारदरबारी शब्द टाकता येत होता, तेच नेमके बाहेर राहिले.

गोमंतकही यातून सुटला नाही. २६ डिसेंबर १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये येथील मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले. त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळत. हा करार १८९२ च्या आरंभी संपला. तोवर तिजोरीची भरपाई होत राहिली. मिठागरांवर राबणाऱ्यांचे काम मात्र आखडले.

१८८६ च्या प्राप्तिकर कायद्याने अधिकारी व वकील कराच्या कक्षेत आले आणि वार्षिक ५०० रुपयांखालील उत्पन्नास सूट मिळाली. ही सुधारणा खरी, पण अपुरी. दोन हजारांवरील उत्पन्नास रुपयामागे पाच पै हा एकच दर होता. मग ते उत्पन्न दोन हजार असो वा दोन लाख. जमिनीचे उत्पन्नही वगळले गेले. उलट १८८८ साली, मधल्या काळात २ रुपयांवर उतरलेला मीठकर पुन्हा २ रुपये ८ आणे झाला.

१९०२ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना या दोन्ही बाबींवर बोट ठेवले. शिलकी अंदाजपत्रक हे सरकारच्या दृष्टीने यश होते; गोखल्यांच्या दृष्टीने ती दरिद्री प्रजेकडून गरजेपेक्षा अधिक घेतलेली रक्कम होती. १९०३ साली मीठकर आठ आण्यांनी उतरला व प्राप्तिकराची सूट १००० रुपयांपर्यंत वाढली. मीठकर पुरता गेला तो १९४७ साली.

या इतिहासावरून आम्हांला एक कसोटी सुचते. कराची न्याय्यता तपासताना तो कोणावर बसला एवढेच पाहू नये. तो कोणाला सोडून गेला हेही पाहावे. आज मिठावर वस्तू व सेवा कर नाही. तथापि साबणाची वडी घेताना कामकरी व कोट्यधीश एकाच दराने कर भरतात, आणि शेतीचे उत्पन्न, मग ते कितीही मोठे असो, केंद्राच्या प्राप्तिकरातून अद्याप वगळलेले आहे. गरीब शेतकऱ्यास सूट हवीच. पण त्याच्या आडोशाला कोण उभे आहे, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक करदात्यास आहे.

पंक्तीत मीठ सर्वांना सारखे वाढावे, हे योग्यच. पंक्तीचा खर्च मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे उचलला जावा. आमची देवस्थाने वर्गणीच्या बाबतीत हे जाणतात. राज्यानेही ते जाणावे.