‘संमती’चा अर्थ : प्रोस्टेट कर्करोगाच्या संदर्भात

मुंबईच्या उपनगरांतील कर्करोगी ज्या परळची वाट धरतात, तेथील टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी शिकागोत चार्ल्स हगिन्स ह्यांनी, पुरुषी संप्रेरके रोखल्यास प्रोस्टेटचा कर्करोग आवरतो, असे दाखविले. उपचार आले, निवड मात्र दीर्घकाळ डॉक्टरांचीच राहिली. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपचाराचे स्वरूप, पर्याय व धोके रुग्णास सांगणे आवश्यक ठरविले. ह्या रोगाच्या प्राथमिक अवस्थेत शस्त्रक्रिया, किरणोपचार अथवा नियमित तपासणी असे पर्याय असतात; मूत्रनियंत्रणावर व कामजीवनावर होणारे त्यांचे परिणाम निरनिराळे. ‘संमती’ शब्दात ‘मन्’, म्हणजे विचार करणे, हा धातू आहे. बोरिवली-मुलुंडच्या वृद्धाने न कळणाऱ्या भाषेतील कागदावर केलेली सही ही संमती नव्हे.