गरोदरपणातील श्रोणीवेदनेची वैद्यकीय तपासणी
गरोदरपणात कमरेखाली, नितंबांत किंवा जांघेत होणाऱ्या वेदनेचे नेमके स्थान व कारण ठरविण्याच्या पद्धतीस श्रोणीवेदनेची तपासणी म्हणतात. श्रोणीच्या सांध्यांतून उद्भवणारी वेदना सुमारे २० टक्के गर्भवतींना होते, असे २००८ मधील युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहे.

'''धोक्याची लक्षणे'''
प्रथम गंभीर कारणे वगळली जातात. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, ताप, लघवीची जळजळ किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही आढळल्यास वार सुटणे, अकाली प्रसूती व मूत्रमार्गाचा संसर्ग यांचा विचार तातडीने करावा लागतो. पायांतील ताकद कमी होणे किंवा लघवीवरील ताबा जाणे ही मज्जातंतूंवरील दाबाची लक्षणे होत.

'''शारीरिक तपासणी'''
अनेक स्त्रिया या सर्व दुखण्यांना 'कंबर दुखते' असेच म्हणतात. म्हणून दुखरी जागा बोटाने दाखविण्यास सांगतात. चालताना, जिना चढताना वा कूस बदलताना वाढणारी नितंबातील किंवा जघनास्थीवरील वेदना सांध्यांकडे निर्देश करते.

* मांडी काटकोनात उभी धरून गुडघ्यावरून खाली दाब देतात. त्याच बाजूच्या नितंबात ओळखीची वेदना झाल्यास चाचणी सकारात्मक मानतात.
* उताणे झोपून सरळ पाय सुमारे २० सेंटिमीटर उचलण्यास सांगतात व अडचणीस ० ते ५ गुण देतात.
* जघनास्थींच्या सांध्यावर हलका दाब देतात. दाब काढल्यावरही वेदना ५ सेकंदांहून अधिक टिकल्यास ती महत्त्वाची ठरते.

गर्भारपणाच्या उत्तरार्धात स्त्रीला फार वेळ उताणे ठेवत नाहीत. निदानासाठी क्ष-किरण सहसा वापरत नाहीत.

'''खानदेशातील संदर्भ'''
धुळे व जळगाव जिल्ह्यांच्या सातपुड्यालगतच्या आदिवासी भागांत सिकलसेल आजार आढळतो. त्यात हाडांत तीव्र वेदना होतात; मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास जांघ दुखते. ही वेदना 'गरोदरपणातील नेहमीचे दुखणे' समजली गेल्यास उपचारास विलंब होतो. त्यामुळे येथे सिकलसेलची रक्तचाचणी झाली आहे का, हे विचारणे आवश्यक ठरते.

२०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दरमहा ९ तारखेस सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. धुळे व जळगाव या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.