सी हॉक : विक्रांतवरच्या पहिल्या जेटच्या आवृत्त्या आणि वारसा

विमानवाहू जहाजावरचं हलकं हल्ला-जेट म्हटलं की सगळीकडे अमेरिकन स्कायहॉकच दिसतं. आपल्या नौदलाने वापरलं ते त्याच्या आधीच्या पिढीतलं ब्रिटिश जेट, हॉकर कंपनीचं सी हॉक.

त्याचा मूळ नमुना २ सप्टेंबर १९४७ ला उडाला. इंजिन एकच, रोल्स-रॉइस नीन. पण त्याचा झोत दोन फाट्यांनी पंखांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. शेपटीपर्यंत लांब नळी न्यावी लागत नाही, आणि वाचलेल्या जागेत इंधन मावतं. माझ्या मते ही या विमानातली सगळ्यात हुशार गोष्ट. जहाजावर जागा कमी, म्हणून पंख दुमडायचे: सुमारे १२ मीटरची रुंदी ४ मीटरवर येते. (स्कायहॉकचे पंख मुळातच इतके छोटे, की दुमडायची गरजच नव्हती.)

नगरच्या रणगाडा संग्रहालयात फिरलेल्यांना 'मार्क' हा शब्द माहीत असेल. सॉफ्टवेअरच्या व्हर्जनसारखंच ते. एफ १ आणि एफ २ निव्वळ लढाऊ होती. एफबी ३ मध्ये बॉम्ब पेलायला पंख मजबूत केले, एफजीए ४ जमिनीवरच्या हल्ल्यासाठी आलं. एफबी ५ आणि एफजीए ६ म्हणजे तीच विमानं, फक्त जास्त ताकदीच्या नीनसह. जर्मनीच्या मार्क १०० ला उंच शेपूट होती, मार्क १०१ ला पंखाखाली रडार. भारताने नवी एफजीए ६ घेतली, ब्रिटिश नौदलाची वापरलेली घेतली आणि पुढे जर्मनीची जुनीही.

१८ मे १९६१ ला लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी विक्रांतवर जेट उतरवणारे पहिले भारतीय वैमानिक ठरले. पुढे ते नौदलप्रमुख झाले.

खरी कसोटी १९७१ ची. विक्रांतच्या बॉयलरला तडा गेला होता, त्यामुळे जहाज पूर्ण वेगाने जाऊ शकत नव्हतं. हे महत्त्वाचं का? जहाज वाऱ्याच्या दिशेने जितकं जोरात धावेल, तितका विमानाला डेकवरच वारा मिळतो. उरलेला वेग कॅटापल्ट देतो, आणि तो वाफेवर चालतो. ती वाफही बॉयलरचीच! विमान जड असतं तर हे गणित फार अवघड झालं असतं. ४ डिसेंबरला संतोषकुमार गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली सी हॉक्सनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले चढवले. गुप्तांना महावीर चक्र मिळालं.

१९८३ मध्ये सी हॅरियर आली. तिला कॅटापल्ट लागत नव्हता. पुढे विक्रांतवर स्की-जंप बसला. तेव्हापासून आपली सगळी विमानवाहू जहाजं स्की-जंपचीच आहेत, म्हणजे विमानाने स्वतःच्या जोरावर उडायचं. तेजसची नौदल आवृत्ती ११ जानेवारी २०२० ला विक्रमादित्यवर उतरली खरी, पण पुरेशी शस्त्रं आणि इंधन घेऊन उडण्यासाठी ती नौदलाला जड वाटली. एप्रिल २०२५ मध्ये करार झाला तो दोन इंजिनांच्या २६ राफेल-एमचा.

सी हॉकची तुकडी, आयएनएएस ३०० 'व्हाइट टायगर्स', आजही आहे. ती आता मिग-२९के उडवते. जुनी विक्रांत मात्र २०१४ मध्ये भंगारात गेली. सी हॉक पाहायचं तर गोव्यात बोगमाळोचं नौदल हवाई संग्रहालय गाठा, आणि पंखांच्या मुळाशी ती दोन तोंडं मागच्या बाजूने नक्की बघा.